कल्पनेचा रोजमेळ : आपला शोध कंपनीच्या दारी नेताना

धानोऱ्याच्या आमच्या दुकानामागच्या पडवीत गेल्या हिवाळ्यात एक लोखंडी सांगाडा उभा राहिला. वर पत्र्याची कंप पावणारी पन्हळ, खाली रबर चढवलेल्या रुळांची जोडी आणि बाजूला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर. वाळलेली लाल मिरची वरून ओतली की पन्हळीत ती उभी-आडवी होत सरळ रांगेत येते, देठ खाली झुकतो, रूळ तो चिमटीत धरतात आणि मिरची न फुटता देठ वेगळा होतो. माझ्या पुतण्याने तीन हंगाम राबून हे यंत्र सिद्ध केले आहे. आता त्याला ते कोणा यंत्रनिर्मात्या कंपनीस दाखवून तिला बनवण्याचा परवाना द्यावयाचा आहे. स्वतः कारखाना काढण्याइतके भांडवल आणि उसंत आमच्यापाशी नाही, आणि त्याची इच्छाही नाही.

नंदुरबारची मिरची ज्यांनी पाहिली आहे त्यांना या यंत्राचे मोल वेगळे सांगावयास नको. हंगामात ओली लाल मिरची बाजारात येते, पथाऱ्यांवर पसरली जाते, आणि मग शेकडो स्त्रिया उन्हात बसून देठ खुडतात. संध्याकाळी त्यांच्या हातांची आग होते. देठ ओढताना मिरची फुटली तर बी सांडते आणि मालाचा भाव उतरतो. त्यामुळे हे काम जितके कष्टाचे तितकेच हलक्या हाताचे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातही मिरचीचे देठ यंत्राने काढण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालू आहेत. यावरून प्रश्न किती चिवट आहे हे ध्यानी येईल.

यंत्र पाहून घरातील सर्वांना आनंद झाला. गप्प होते ते एकटे काकासा, म्हणजे माझे चुलते आणि या मुलाचे आजोबा. त्यांच्या मौनाचे कारण घरातील थोरांना ठाऊक होते.

काकासांची गोष्ट

मी शाळेत असतानाची हकीकत आहे. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. काकासांनी एका लेथवाल्याच्या मदतीने सायकलच्या ट्यूबा गुंडाळलेले दोन रूळ बसवून देठ काढण्याचे हातयंत्र तयार केले होते. ते रेल्वेने एका मोठ्या शहरात घेऊन गेले. तेथील कारखानदाराने त्यांचे आदरातिथ्य केले, यंत्र चालवून पाहिले, ‘विचार करून कळवतो’ म्हणाले आणि आराखडा ठेवून घेतला. काकासांनी तो विश्वासाने दिला. पुढे पत्र आले नाही. दोन हंगामांनंतर बाजारात तशाच रुळांचे एक यंत्र दिसले.

ते यंत्र काकासांच्या आराखड्यावरून झाले होते, की त्या माणसाच्या मनात ती कल्पना आधीपासून होती? आजही सांगता येत नाही. कोणावर आळ घेण्याचा माझा हेतू नाही. आणि घ्यावयाचा म्हटला तरी पुरावा कोठे आहे? आपले आधी होते असे म्हणावयास काकासांपाशी तारखेचा एकही कागद नव्हता. ज्या घरात चार आण्यांची उधारीही रोजमेळात त्याच दिवशी चढत असे, त्या घरात एवढ्या मोठ्या कल्पनेची नोंद कोठेच झाली नव्हती.

न दिलेले घेऊ नये, हे अदत्तादानाचे व्रत आपल्याकडे लहानपणापासून शिकवले जाते. परंतु काय दिले, कोणाला दिले आणि कोणत्या अटीवर दिले, हे देणाऱ्यानेच स्पष्ट केले नसेल, तर घेणाऱ्याचा दोष तरी कसा ठरवावा? पुतण्याची तयारी करून घेताना हा प्रश्न आम्ही सतत समोर ठेवला. त्या तयारीतून जे शिकलो ते आपल्या समाजातील इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटते. कारण आपली मुले आज अभियांत्रिकी, औषधनिर्माण, अन्नप्रक्रिया अशा अनेक क्षेत्रांत काही ना काही नवे घडवीत आहेत.

प्रथम तारीख, मग भेट

पहिला नियम असा, की कागदावर तारीख पडल्यावाचून कोणाच्याही दारी जाऊ नये. भारतीय पेटंट कायदा १९७० चा आहे. शोध नवा असला पाहिजे ही त्याची मूळ अट. अर्ज करण्यापूर्वीच तो प्रदर्शनात मांडला, वृत्तपत्रात छापून आणला किंवा बाजारात विकला, तर काही मोजके अपवाद सोडता नवेपणा संपतो. हौसेने काढलेली चित्रफीत मोबाइलवर सर्वांना पाठवणे हेही त्यातच आले. आमच्या घरी यंत्राची चित्रफीत नातलगांच्या गटावर टाकण्याची तयारी झाली होती. ती वेळीच थांबवली.

यासाठी कायद्याने एक सोय केली आहे. शोध पूर्ण सिद्ध झाला नसेल तरी त्याचे तात्पुरते विवरण दाखल करता येते. त्या दिवसाची तारीख आपली ठरते आणि पूर्ण विवरण देण्यास १२ महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शासकीय शुल्क १६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीस त्याच अर्जाला ८००० रुपये पडतात. पेटंट प्रतिनिधीची फी अर्थातच वेगळी. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. ते अँटॉप हिल येथे बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर तो गोपनीय असतो. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, आणि ते जिवंत ठेवण्यासाठी ठरावीक नूतनीकरण शुल्क भरावे लागते.

अर्जापूर्वी आणखी एक काम असते, ते म्हणजे शोधाचा शोध. आपल्या आधी हे कोणी केले आहे काय, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पुतण्याने पाहिले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. रुळांनी देठ ओढण्याची कल्पना अनेकांनी अनेक तऱ्हांनी मांडलेली होती. काकासांचे रूळही आता त्या सार्वजनिक ज्ञानाचाच भाग झाले होते. मात्र मिरच्या कंपनाने एका दिशेला वळवणारी पन्हळ आणि मिरचीच्या जाडीप्रमाणे रुळांतील फट आपोआप कमीजास्त करणारी रचना त्याला कोठे आढळली नाही. म्हणून अर्ज संपूर्ण यंत्रावर न करता त्या दोन रचनांवर केला. हा हिशेब व्यापाऱ्याला लवकर समजतो. सातबाऱ्यावर जेवढे क्षेत्र आपले आहे तेवढ्यालाच कुंपण घालावे. शेजाऱ्याच्या बांधावर हक्क सांगितला की सारेच वादात पडते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. यंत्राला पेटंट मिळू शकते, परंतु शेतीची पद्धत किंवा बियाण्याचा वाण या कायद्याखाली येत नाही. वाणासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात निवड करून ‘एचएमटी’ हा तांदळाचा वाण घडवला. घड्याळाच्या लोकप्रिय नावावरून ओळखला जाणारा हा तांदूळ अनेक राज्यांत पसरला, व्यापाऱ्यांनी विकला, घरोघर शिजला. वाण पसरला तेव्हा हा कायदाही अस्तित्वात नव्हता. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला, तरी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले ते गरिबीतच. तांदळाच्या प्रत्येक पोत्यावर कोणी ना कोणी नफा कमावला; घडवणाऱ्याच्या खात्यावर जमा फार थोडी झाली.

किराणा तोलण्याच्या यंत्रापासून न्यूयॉर्कपर्यंत

मराठी माणसाने आपला शोध घेऊन परदेशी कंपन्यांची दारे ठोठावल्याची सर्वांत मोठी कथा शंकर आबाजी भिसे यांची आहे. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा ठेवली, की पीठ-साखरेसारखा किराणा आपोआप तोलून देणारे यंत्र कोण सुचवील? भिसे यांनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि ती स्पर्धा जिंकली. दुकानदाराच्या तागडीशी नाते सांगणारा शोध त्यांना विलायतेस घेऊन गेला, हे आपणा व्यापाऱ्यांना विशेष वाटावे. दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र घेऊन ते दादाभाई नौरोजींना भेटले, आणि त्या थोर पुरुषाने त्यांना पाठबळ दिले.

भिसे यांचे मुख्य स्वप्न होते छपाईचे खिळे वेगाने पाडणाऱ्या यंत्राचे. ‘भिसोटाइप’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. त्याला भांडवल मिळवून देण्याचे ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी मनावर घेतले, पण ते जमले नाही. निराश होऊन १९०८ मध्ये भिसे मायदेशी निघाले असता बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांची गाठ पडली. गोखल्यांच्या शब्दावर सर रतन टाटा पुढे आले आणि १९१० मध्ये टाटा-भिसे यांचा शोधविषयक व्यवसायसंघ उभा राहिला. तथापि ज्या व्यापारी यशाची अपेक्षा होती ते यंत्राला लाभले नाही. पुढे भिसे अमेरिकेस गेले, तेथे धुलाईच्या द्रव्यापासून आयोडीनच्या औषधापर्यंत नाना शोध लावले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणत.

या चरित्रातून मी घेतो तो अर्थ असा. भिसे यांच्यापाशी प्रतिभा होती, पेटंटे होती, नौरोजी-गोखले-टाटा यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. आणि तरीही छापखान्याचा मालक ज्यावर आज पैसे टाकील असे यंत्र त्याच्यासमोर उभे राहावयास विलंब होत गेला. छपाईच्या जगात तोवर बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपन्यांनी पाय रोवले होते. ओळख आणि शिफारस दार उघडून देते. दारातून आत गेल्यावर मात्र चालता माल दाखवावा लागतो.

कंपनीच्या खुर्चीत बसून पाहावे

शोध लावणारा आपल्या यंत्राच्या कौतुकात असतो. कंपनी तिच्या वहीखात्यात. म्हणून भेटीपूर्वी एक दिवस आपण समोरच्या खुर्चीत बसून पाहावे. आमच्या घरी तो खेळ खरोखरच झाला. माझे थोरले बंधू कंपनीचे मालक झाले, वहिनी विक्रीप्रमुख झाल्या, मी हिशेबनीस. आणि पुतण्याने दहा मिनिटांत आपले म्हणणे मांडावयाचे. पहिल्या दिवशी त्याची सात मिनिटे मोटर आणि रुळांच्या वर्णनात गेली. वहिनींनी मध्येच विचारले, ‘हे सगळं ठीक आहे, पण घेणार कोण, आणि कितीला?’ तो निरुत्तर झाला.

त्या एका प्रश्नातून पुढची दोन महिन्यांची तयारी निघाली. तो पथाऱ्यांवर गेला, दहा-दहा किलोच्या राशी करून हाताने आणि यंत्राने किती वेळ लागतो, शंभरातील किती मिरच्या फुटतात, किती देठ राहून जातात, ओलसर माल आणि कडक वाळलेला माल यांत काय फरक पडतो, याची वही लिहिली. जेथे यंत्र कमी पडले तेही त्याने लिहिले. त्याचा एक मित्र म्हणाला की कमीपणा कशाला दाखवायचा? काकासा तेव्हा प्रथमच बोलले : ‘मालातला दोष गिऱ्हाइकाला आपण सांगितला तर तो गिऱ्हाइक राहतो; त्याला सापडला तर जातो.’

प्रश्न काकीसांनीही विचारला, आणि तो सर्वांत अवघड होता. देठ खुडून ज्यांची चूल पेटते त्या बायांचे काय? यंत्राला मिरची पुरवणे, निवडणे, राहिलेले देठ हाताने काढणे या कामांना माणसे लागतीलच, परंतु आजच्याइतकी नाहीत, हे पुतण्याने लपवले नाही. यंत्र छोटे ठेवून ते स्त्रियांच्या बचतगटालाही घेता यावे अशा किमतीत बसवावे, ही अट त्याने स्वतःच आपल्या कागदात घातली. ती कंपनी मान्य करील की नाही हे पुढे कळेल.

कंपनीपुढे ठेवण्याचा कागद एकाच पानाचा असावा. त्यात अडचण कोणाची, आज ती कशी भागवली जाते, आपले यंत्र काय वेगळे करते, चाचणीचे आकडे, बनवण्याचा अंदाजे खर्च, विकता येईल अशी किंमत आणि अर्जाची स्थिती, एवढेच असावे. नेमकी रचना उघड करणारे बारकावे त्यात नसावेत. सोबत दोन मिनिटांची चित्रफीत पुरे. गोपनीयता करार करून घेता आला तर उत्तम. परंतु अनेक कंपन्या पहिल्या भेटीत अशा करारावर सही करीत नाहीत, कारण त्यांच्याकडे तशीच कल्पना आधीच चालू असू शकते. अशा वेळी आपले संरक्षण अर्जाच्या तारखेत असते. भेटीत काय दाखवले, कोण उपस्थित होते, काय ठरले, हे त्याच संध्याकाळी एका नम्र ईमेलने त्यांना कळवावे. तीच आपली रोजमेळातील नोंद.

कोणाकडे जावे हाही विचार महत्त्वाचा. सर्वांत मोठ्या नावाच्या मागे धावण्यापेक्षा ज्या मध्यम कंपनीची विक्रीव्यवस्था आपल्या गिऱ्हाइकापर्यंत आधीच पोचलेली आहे ती अधिक उपयोगी. यंत्रे आणि सुटे भाग बनवणारे कारखाने राजकोट, कोल्हापूर, कोइमतूर येथे मुबलक आहेत. मिरची पिकवणारे प्रदेश आंध्र, तेलंगण, कर्नाटकापर्यंत पसरलेले. पुतण्याने पंधरा नावांची यादी केली आणि पहिल्या भेटीसाठी मुद्दाम यादीतील मधली तीन नावे निवडली. बोलण्यातील चुका तेथे उमगाव्यात, आणि मग सर्वोत्तम दारी जावे.

विक्री की भाडे?

परवाना म्हणजे काय, हे दुकानाच्या भाषेत सांगतो. पेटंट पूर्णपणे देऊन टाकणे म्हणजे गाळ्याचे खरेदीखत. परवाना म्हणजे भाडेकरार. एकाच कंपनीला दिला तर तो अनन्य परवाना, अनेकांना दिला तर सामान्य. अनन्य परवान्याचा मोबदला जास्त, पण धोकाही मोठा. कारण कंपनीने यंत्र बनवलेच नाही तर शोध कपाटात कुलूपबंद होतो. म्हणून अनन्य परवाना द्यावयाचा असेल तर दरवर्षी किमान इतकी रक्कम मिळालीच पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर परवाना आपोआप संपेल, ही दोन कलमे आग्रहाने घालावीत.

मोबदला सुरुवातीला एकरकमी किती, आणि पुढे विक्रीच्या किती टक्के स्वामित्वधन, हे ठरवताना ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ लिहून घ्यावा. कारखान्यातून निघतानाची किंमत की दुकानातील किंमत, कर धरून की वगळून? वर्षातून एकदा कंपनीची विक्रीची पुस्तके तपासण्याचा हक्कही असावा. आपण आडत्याचे खाते तपासतो, त्यात अविश्वास नसतो. तोंडी सौद्यावर आपला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. परंतु येथे तो चालत नाही. कायद्याच्या कलम ६८ नुसार पेटंटचा परवाना लेखी असल्यावाचून वैध ठरत नाही, आणि त्याची पेटंट कार्यालयात नोंद करावी लागते. तसेच ‘कच्चा माल आमच्याकडूनच घ्या’ अशा जाचक अटी कलम १४० खाली निरर्थक ठरू शकतात. हा मसुदा जाणकार वकिलाकडून तपासून घेण्यात कंजुषी करू नये.

ज्यांच्या घरी व्यापाराचा अनुभव नाही अशा ग्रामीण संशोधकांसाठी गांधीनगरचे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मार्च २००० पासून काम करीत आहे. पेटंटचा अर्ज, चाचण्या आणि कंपनीशी गाठ या सर्वांत त्याचे साह्य होते. आपल्या दुकानात येणाऱ्या एखाद्या हुशार शेतकऱ्याने असे काही घडवले असेल तर त्याला हा पत्ता सांगावा. तेही एक प्रकारचे दानच आहे.

नकाराची खतावणी

नकार येणारच. कागदाची कोरडी प्रत काढण्याची रीत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका खोलीत पहिली प्रत काढली. त्यानंतर वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. १९४४ मध्ये बॅटल या संशोधन संस्थेने हात दिला, १९४७ मध्ये हॅलॉइड या लहानशा कंपनीने परवाना घेतला. तीच पुढे झेरॉक्स झाली. १९५९ मध्ये यशस्वी यंत्र बाजारात येईपर्यंत पहिल्या प्रतीला एकवीस वर्षे झाली होती.

याउलट आपल्या खानदेशाला जवळचे उदाहरण ठिबक सिंचनाचे. इस्रायलचे अभियंता सिम्हा ब्लास यांनी आपल्या शोधाचे हक्क १९६५ मध्ये हात्झेरिम या शेतकरी वसाहतीस दिले. तेथून नेटाफिम उभी राहिली. पुढे जळगावचे भवरलाल जैन यांनी ठिबकचे तंत्र आपल्या शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ करणाऱ्या वाकोदच्या या सुपुत्राला नव्या तंत्राची पारख होती. शोध लावणारा आणि तो पोचवणारा एकच असावा लागत नाही. योग्य जोडी जमावी लागते.

पुतण्याने तीन भेटी दिल्या. एक कंपनी म्हणाली, यंत्र महाग. दुसरी म्हणाली, आमचे हे क्षेत्र नाही. तिसरीने आणखी एका हंगामाचे आकडे मागितले आहेत. प्रत्येक नकारापुढे त्याने कारण लिहिले आहे. त्यातील पहिल्या कारणावर तो सध्या काम करीत आहे.

अर्जाची पोचपावती आली त्या दिवशी ती त्याने आजोबांच्या हातात दिली. काकासांनी चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. मग दुकानाचा रोजमेळ मागवला आणि स्वतःच्या थरथरत्या अक्षरात खर्चाच्या बाजूला लिहिले : पेटंट अर्ज, रुपये १६००. जमेची बाजू त्यांनी कोरी ठेवली आणि वही पुतण्याकडे सरकवली.